‘शब्द कुठल्याही चालीत बसतात’ म्हणणाऱ्या दादांना

पेटीवाला, तिवसा
काल इथं एका दादांनी लिहिलं की गावच्या भजनी मंडळांनी जुन्या चाली सोडून गाजलेल्या सिनेगीतांच्या चाली घ्याव्यात, म्हणजे पोरं आपोआप येतील. शब्द काय, कुठल्याही चालीत बसतात. त्या शेवटच्या वाक्यानं रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून लांबलचक लिहितो.

नाही बसत, दादा. ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ मोजून पाहा. चार चरणांत अक्षरं ६, ६, ६ आणि ४. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे ८ सारख्या ठोक्यांचं एक आवर्तन; एका अक्षराला एक मात्रा. ६ अक्षरं म्हणून झाली की शेवटचं अक्षर लांबवायला २ मात्रा उरतात. चौथ्या चरणात अक्षरं ४च, म्हणजे अर्धं आवर्तन मोकळं. तिथं सगळे टाळकरी एकदम श्वास घेतात आणि ध्रुवपदावर एकदम पडतात. एकट्या गवयाला श्वास कुठंही चोरता येतो, समूहाला नाही. सिनेमाच्या चालीत ती जागा वाद्यांनी भरून काढलेली असते, आपल्याकडं ती वाद्यं नाहीत.

आमच्या सप्ताहात एका मंडळानं असाच अभंग चालीत कोंबला. ‘पांडु’वर सगळ्यांचा दम संपला आणि ‘रंगा’ पुढच्या ओळीत गेलं. ‘विठ्ठल’मधला ‘वि’ एवढा ताणला की ‘वीठल’ ऐकू यायला लागलं. जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व स्वर असा ओढायचा नसतो, हे आम्हाला मार खाऊन शिकवलेलं आहे. वडील उठून मंडपाबाहेर गेले, जेवायलाही आले नाहीत.

मोर्शीकर
तो दादा मीच. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण भाऊ, उसनी चाल म्हणजे विटाळ आहे का? खंजेरी भजनाची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर ‘तर्ज’, म्हणजे कुठल्या गाण्याची चाल ते, छापलेली सापडेल. १८८०च्या किर्लोस्करांच्या शाकुंतल नाटकात साकी, दिंडी या जुन्या पद्यप्रकारांच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली आहेत. १९११च्या मानापमान नाटकात गोविंदराव टेंब्यांनी बंदिशी, ठुमऱ्यांच्या चाली आणल्या. त्यांना कोणी कोंबलं म्हटलं नाही.

आणि पोरं येत नाहीत हे तर खरं आहे ना? आमच्या मंडळात सगळ्यात लहान माणूस ५२ वर्षांचा आहे. मृदंग उचलायला हात नाही. तुम्ही अक्षरं मोजत बसा, १० वर्षांनी मोजायलाही कोणी उरणार नाही.

पेटीवाला, तिवसा
मानापमान कशाला आणता मध्ये! तिथं चाल समोर ठेवून पद लिहिलं. खंजेरी भजनातही तर्ज आधी, शब्द मागून. तुम्ही ३५०-४०० वर्षांपूर्वी लिहून झालेला अभंग घेता आणि परक्या मापाच्या सदऱ्यात घालता. सदरा उसना आणायचाच तर अंगही नवं आणा. स्वतः पद लिहा, मग घ्या कुठली घ्यायची ती चाल. मी पेटी धरायला येतो.

मोर्शीकर
हे आधीच बोलायचं होतं. एवढा फरक मान्य. पण गावात पद लिहिणारा कुठून आणू?

काकडावाली
तुमी दोघं चालीवर भांडून राह्यले. बायायच्या गळ्याचं कोणी बोलतच नाई. आमच्या गावात कार्तिकातला काकडा बाया-माणसं संगंच म्हणतात. पेटी काळी एकवर, म्हंजे पेटीच्या पयल्या काळ्या सुरावर सा. ध्रुवपद जमते. अंतरा वर चढला की माणसं जातात वर, आमचा गळा फाटते. मंग आमी नुसतं तोंड हालवतो. मंग म्हणतात, बायायले सूर नाई. मायी सासू ३० वर्सं अशीच तोंड हालवून गेली.

भुलाबाईच्या गाण्याले पेटी नसते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीवरी पोरी गातात, एकीचाही सूर जात नाई. काहून? पट्टी, म्हंजे सुराची उंची, त्यायची सोताची असते. चालही चार-पाच सुरायतच फिरते.

मोर्शीकर
ताई, मग पेटी काळी चारवर घ्यायला सांगा. पण माणसं खर्जात गुरगुरतील, भजनाची मजा जाईल.

काकडावाली
बाया ३० वर्सं मुक्या राह्यल्या तवा मजा नाई गेली का भाऊ? एक दिवस तुमी गुरगुरले तर आभाळ कोसळते?

मोर्शीकर
मी तसं म्हणालो नव्हतो. प्रत्येक गोष्टीत बाया-माणसं आणायची गरज नाही.

शाळामास्तर, आर्वी
आणायलाच पाहिजे, कारण चाल बांधायचा पहिला प्रश्न तोच आहे: गाणार कोण? २०२३ पासून शाळेत ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणतो आम्ही. ते मुळात शाहीर साबळ्यांच्या गळ्यानं घराघरात पोचलेलं. स्पीकर लावून त्याच पट्टीत म्हणवलं तर अर्धी मुलं ओरडतात, अर्धी गप्प बसतात. स्पीकर बंद करून मुलांची पट्टी धरली, तशी सगळी गायला लागली. तोवर ‘या पोट्ट्यायले गाणं येत नाही’ असं शिक्षकच म्हणायचे. त्यात मीही होतो.

काकड्याचं सांगतो. काळी एकवर सा धरला तर त्याचा पंचम, म्हणजे प, येतो काळी चारवर. पुरुषांचा पंचम तोच बायांचा षड्ज, म्हणजे सा. ध्रुवपद सा ते प एवढ्यातच बांधा, सगळे शुद्ध स्वर. पुरुषांनी ते षड्जावरून म्हणायचं, बायांनी तीच चाल पंचमावरून म्हणायची: प ध नि सां रें. एकदम नाही, आलटून पालटून. पेटी हलवावी लागत नाही. मी मुलामुलींच्या गटात करून पाहिलंय. फक्त हात देताना, म्हणजे ओळ बायांकडे सोपवताना, पुरुषांनी शेवट पंचमावर आणून सोडायचा, नाहीतर बायांना सूर शोधावा लागतो.

पेटीवाला, तिवसा
मास्तर, हे मला सुचायला हवं होतं. २२ वर्षं काकड्याला पेटी मीच वाजवतोय, काळी एक सोडून बोट हललं नाही. बाया गप्प होतात हे दिसत होतं. मला वाटायचं, थंडीनं. आता दोन्ही गट आलटून पालटून म्हणणार, म्हणजे चौथ्या चरणातल्या मोकळ्या मात्रा एकमेकांना हात द्यायला उपयोगी पडतील. पण हे जुन्या अभंगाच्याच मापात होतं, मोर्शीकर, हे लक्षात घ्या.

मोर्शीकर
घेतलं. पोरांचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही, चालीचं माझं मत तेच आहे. मास्तर, ते प ध नि सां रें एकदा म्हणून आवाज पाठवा. माझी भाची गाते, तिला दाखवतो.

काकडावाली
पेटीवाले भाऊ, कार्तिकाची वाट कायले पाह्यता? येत्या एकादशीले पेटी घेऊन या. चार बाया मी जमवतो.