शब्दचर्चा: ‘पर्सनलाइज्ड सर्च’ला मराठीत काय म्हणायचं?

शीवकर

नमस्कार मंडळी. एका ॲपची मदतपुस्तिका मराठीत करतो आहे. ‘पर्सनलाइज्ड सर्च रिझल्ट्स’साठी काम देणाऱ्यांनी आधीच शब्द ठरवून पाठवलाय: ‘व्यक्तिकृत शोध परिणाम’. तो काही गळ्याखाली उतरत नाही. रामदासकृत म्हणजे रामदासांनी केलेलं, तसं व्यक्तिकृत म्हणजे कुणा व्यक्तीने केलेलं. इथे नेमकं उलट, सगळं यंत्र करतंय आणि व्यक्ती नुसती बघत बसलीय. ‘अमुकसारखं करून टाकलेलं’ या अर्थी मध्ये ‘ई’ लागतो: वर्गीकृत, संगणकीकृत, राष्ट्रीयीकृत. त्या न्यायाने ‘वैयक्तिकीकृत’ होईल. बोलून बघा एकदा.

प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आमच्याच घरात मी आणि आईने आपापल्या फोनवर ‘शीव’ टाकलं. मला रुग्णालय आणि रेल्वेवरचा पूल, आईला शंकराची स्तोत्रं. शिवाय साळसूद प्रश्न: तुम्हाला ‘शिव’ म्हणायचं आहे का? अरे बाबा, शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची त्या जागेचं नाव ते, इंग्रजांनी त्याचं सायन केलं. दीर्घ ई मुद्दाम टाइप करावी आणि यंत्राने शुद्धलेखन तपासून परत द्यावं, ही एक वेगळीच चीड. पण माझा प्रश्न पहिल्या गोष्टीपुरता. प्रश्न एक, माणसं दोन, उत्तरं दोन. याला साध्या मराठीत काय म्हणाल?

खारवाली

‘व्यक्तिसापेक्ष’ लिहा आणि मोकळे व्हा.

बाकी शीवचं दुःख आम्हाला नका सांगू. ‘खार’ टाकलं की आधी झाडावरची खार, मग लोणच्याचा खार, स्टेशन असलंच तर त्यानंतर. करी रोडवाल्यांचे हाल तर विचारूच नका.

बोरीबंदर

शब्द ठरवण्याआधी प्रकार वेगळे करू या. लोक दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबतात आणि मग शब्द कशालाच बसत नाही.

खाते असलेल्यांसाठी असा शोध गूगलने २००५ मध्ये आणला. डिसेंबर २००९ पासून खात्यात न शिरता शोधणाऱ्यांनाही तो लागू केला, ब्राउझरमधल्या कुकीच्या (म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या यंत्रात ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) आधारे, मागच्या १८० दिवसांत काय शोधलं ते बघून. ‘गूगलवर पहिलं काय येतं?’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर असण्याचे दिवस तिथे संपले. पण माणसं समजतात तितकी सगळी करामत जुन्या शोधांची नसते. बराच फरक पडतो तो तुम्ही आत्ता कुठे आहात आणि कुठल्या भाषेत विचारताय यावरून. पूर्वी गूगलच्या वेबपत्त्याच्या शेवटचं देशाचं शेपूट (.in, .uk वगैरे) बदललं की दुसऱ्या देशाचे निकाल बघता यायचे. ऑक्टोबर २०१७ पासून तेही गेलं, आपोआप दिसणार ते तुम्ही जिथे असाल तिथलंच.

आणि ‘तुम्ही जिथे असाल’ हाही अंदाजच. घरच्या वायफायवर आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून) जागा ताडतात, आणि तो पत्ता इंटरनेट पुरवणाऱ्याच्या नावावर भलत्याच शहरात नोंदलेला असू शकतो. मुलुंडात बसून पुण्याचं हवामान दिसतं ते यामुळे. लोकलमधली गंमत वेगळी. कुर्ल्याला ‘जवळचं एटीएम’ विचारावं, नेटवर्क येईपर्यंत गाडी शीवला, आणि फोन मोठ्या विश्वासाने कुर्ला पश्चिमेचा रस्ता दाखवतोय.

एकदा बघितलेली वस्तू महिनाभर जिथे तिथे दिसते, तो मात्र शोधाचा भाग नाहीच. ती जाहिरात. दुकानाच्या पानावर तिसऱ्याच कंपनीची कुकी असते, ती तुम्हाला पुढच्या पानावर, बातम्या वाचताना, राशिभविष्य बघताना ओळखते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी वेबसाठी कुकी काढली ती पानाला तुमची आठवण राहावी आणि खरेदीची टोपली मध्येच रिकामी होऊ नये एवढ्यासाठी. पुढचे उद्योग नंतरच्यांचे. तेव्हा शीवकर, पुस्तिकेत या दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

गिरगावकर

बोरीबंदर यांनी वस्तूचा विषय काढला म्हणून. मिक्सरचा कपलर गेला होता. कुठला बसतो ते बघायला फोनवर शोधलं, लोहार चाळीत जाऊन आणला, बसवला, ओल्या नारळाची चटणी वाटून खाऊनही झाली. फोन अजून नवेकोरे मिक्सर दाखवतोय, तेही ‘फक्त आज’. याला नवा शब्द कशाला हवा? ससेमिरा.

शीवकरांच्या मूळ प्रश्नाला मात्र माझं मत ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीत तोंड बघून वाढायचं. जावयाच्या वरणभातावर तुपाची धार, शेवटच्या पानावर नुसता चमचा दाखवून पुढे. यंत्र हेच करतं, तोंड बघतं आणि वाढतं.

संस्कृतची बाई

गिरगावकर, ससेमिरा अगदी चपखल, आणि का चपखल ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गोष्ट अशी. रानात वाघ मागे लागला म्हणून एक राजपुत्र झाडावर चढला. वर अस्वल होतं. त्याने याला अभय दिलं, हा झोपला तेव्हा राखण केली. ‘त्याला खाली ढकल’ म्हणून वाघाने भरीला घातलं तरी बधलं नाही. मग झोपायची पाळी अस्वलाची. वाघाने तीच लालूच राजपुत्राला दाखवली, आणि याने अस्वलाला ढकललं. अस्वल फांदीला धरून वाचलं आणि त्याने शाप दिला. राजपुत्र वेडा झाला. काहीही विचारा, तोंडातून एकच: ‘ससेमिरा, ससेमिरा’. पुढे उलगडा होतो की स, से, मि, रा ही चार श्लोकांची आद्याक्षरं आहेत. एकेक श्लोक म्हटला गेला तसं त्याचं एकेक अक्षर सुटत गेलं आणि तो बरा झाला.

पहिल्या, म्हणजे ‘स’च्या श्लोकाचा आशय ऐका: विश्वास टाकून जवळ आलेल्याला फसवण्यात कसली आली हुशारी? मराठीत या शब्दाचा अर्थ पुढे ‘मागे लागलेला त्रास’ असा झाला, आता वर्तमानपत्रांत चौकशीचा ससेमिरा असतो. पण आपण यंत्राला भरवशाने काहीतरी विचारावं आणि त्याने ते परस्पर दुकानदाराला सांगावं, यात मूळ गोष्टही शाबूत आहे. आमच्या शेजारी एकांनी मामांच्या दहाव्याला भटजी मिळतील का ते फोनवर शोधलं. नंतर कित्येक दिवस त्यांना आयुर्विम्याच्या जाहिराती.

मुलुंडची काकू

बाई, गोष्ट फार छान सांगितलीत. दहाव्याचं वाचून मात्र अंगावर काटा आला.

पण गिरगावकर भाऊ, पंक्तिप्रपंच मला पटत नाही. पंगतीत शेजारच्याच्या पानात काय पडलं ते दिसतं. म्हणून तर प्रपंच कळतो, रुसवेफुगवे होतात, बायका मागीलदारी तोंडं वाजवतात. इथे शेजारचं पानच दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं पंगतीला हाच बेत आहे. शीवकरांनी आईचा फोन हातात घेतला नसता तर शीव म्हणजे रुग्णालय, दुसरं काही नाहीच, असं समजून चालले असते. एली पॅरिसर या अमेरिकी लेखकाने याला ‘फिल्टर बबल’ नाव दिलं, २०११ च्या सुमारास ते सगळीकडे झालं. त्याचं ‘गाळणी बुडबुडा’ केलेलं मी पाहिलंय. चहा सांडल्यासारखं वाटतं.

दुसरं असं की प्रपंचात कुणाला जास्त, कुणाला कमी असतं. शोधात तसं नसतं, प्रत्येकाला त्याच्या आवडीचं वाढतात. तक्रार ती आहे. मला कधीतरी नावडतं पण बरोबर असलेलंही हवं असतं.

गिरगावकर

काकू, शेजारचं पान दिसत नाही हे बिनतोड. शोधापुरता शब्द मागे घेतो. पण टॅक्सीच्या भाड्याला राहू द्या की. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या टॅक्सी ॲपना नोटिसा काढल्या होत्या, फोन कुठल्या बनावटीचा ते बघून भाडं वेगळं दाखवता का म्हणून. दोघांनीही इन्कार केला. खरंखोटं ते जाणोत. पण तसं कुणी केलं तर त्याला पंक्तिप्रपंच हाच शब्द, तिथे कमीजास्तही आहे आणि दोन फोन शेजारी धरले की पानही दिसतं.

खारवाली

‘तोंडदेखले निकाल’ कसं वाटतं? तोंड बघून दिलेले, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेले.

संस्कृतची बाई

विनोद म्हणून फर्मास. पुस्तिकेत टाकलंत तर काम जाईल शीवकरांचं.

शीवकर

जाईलच. आधीच ‘निकाल’वरून वाद झालाय. त्यांचं म्हणणं, निकाल दहावीचा लागतो नाहीतर कोर्टात. ‘परिणाम’ घेतला तर औषधाचे दुष्परिणाम आठवतात. ‘शोध’चीही दोन रूपं आहेत, शोध घेतला आणि शोध लागला. वाफेच्या इंजिनाचा लागतो तोही शोधच. पण ‘शोधनिकाल’ हा समास कानाला खटकत नाही, तो ठेवतोय.

‘व्यक्तिसापेक्ष’ अर्थाने बरोबर आहे, खारवालीताई. पण ही पुस्तिका माझ्या आईच्या वयाची माणसं वाचणार. ‘सापेक्ष’ दिसलं की ती पान उलटतील. बोरीबंदर यांनी सांगितलं ते ध्यानात घेऊन मथळ्याला ‘तुमच्यानुसार बदलणारे शोधनिकाल’ असं लिहितोय आणि खाली एका वाक्यात: ठिकाण, भाषा आणि आधी शोधलेल्या गोष्टी यांवरून हे ठरतात. मागे लागणाऱ्या जाहिरातींना ‘पाठलाग करणाऱ्या जाहिराती’. ससेमिरा मला लिहायचा होता, ते लिहू देणार नाहीत.

आणखी एक. दर वेळी ॲप उघडलं की ‘सूचना सुरू करायच्या का?’ विचारतात, आणि बटणं दोनच, ‘हो’ आणि ‘आत्ता नको’. साधं ‘नको’ कुठेच नाही. याला काय म्हणायचं?

मुलुंडची काकू

भुणभुण. दुसरं काय!

बोरीबंदर

काकू, तुमचा शब्द सरकारदरबारीही चालेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार जाहीर केले, त्यात ‘नॅगिंग’ आहे. म्हणजेच भुणभुण.

शीवकर, ‘तुम्हाला शिव म्हणायचं आहे का’वर उपाय: शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे निदान तो शब्द असलेलीच पानं येतील. पूर्वी शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावलं की भागायचं. २०११ मध्ये गूगलने ते काढून घेतलं, मग आरडाओरडा झाल्यावर जसंच्या तसं शोधायची सोय साधनांच्या यादीत दिली. आईंच्या फोनवर ती कुठे दडलीय ते दाखवून ठेवा.

शीवकर

आईला स्तोत्रं मिळाली, तिची काहीच तक्रार नाही. तक्रार माझी आहे.

जाता जाता व्याकरणाचा प्रश्न. कुकी स्त्रीलिंगी धरली तर अनेकवचन काय? सुरी-सुऱ्या, वाटी-वाट्या, तशा ‘कुक्या’? पुस्तिकेत ‘सर्व कुक्या नाकारा’ लिहिलं तर चालेल का?

खारवाली

चालेल काय, पळेल! ‘कुकीज’ नाकारायला माझा हात धजत नाही. कुक्या एका फटक्यात नाकारीन.

संस्कृतची बाई

नियमाने कुक्याच. फक्त सामान्यरूप सांभाळा, एकवचनी ‘कुकीमुळे’, अनेकवचनी ‘कुक्यांमुळे’. बटणावर मात्र ते ‘कुकीज’च ठेवतील, पैज लावते.