मदत हवी आहे: हायवेलगत स्वतःच्या रानात होर्डिंग, सात दिवसांची नोटीस आली

माळरान:
मंडळी, घाईत लिहितोय, समजून घ्या. आमच्या रानात हायवेच्या कडेला एका जाहिरात एजन्सीने होर्डिंग उभं केलंय, करार झालाय, ॲडव्हान्स घेतलाय. परवानगीचं सगळं आम्ही बघतो असं ते म्हणाले होते. सातबारा माझ्या नावावर, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला पण आहे. आणि आता नोटीस आली, सात दिवसांत काढा नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून घेऊ. नोटीस माझ्या नावाने, एजन्सीच्या नाही! जमीन माझी मग परवानगी नक्की कुणाची लागते? कुणी स्टे घेतलाय का? तीन दिवस गेलेत, लवकर सांगा.

घाटवळण:
हायवे कुठला? राष्ट्रीय की राज्य? महापालिका हद्द आहे का? नोटीस कुणी काढली? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

दीपस्तंभ:
ग्रामपंचायतीचा दाखला आहे ना, मग बिनधास्त राहा. माझ्या मेव्हण्याच्या शेतात ११ वर्षं फलक उभा आहे, आजपर्यंत कुणी विचारलं नाही. नोटिसा येत असतात. एक अर्ज द्या, पोच घ्या, विषय संपला.

घाटवळण:
दीपस्तंभ, कुणी विचारलं नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही हो. तो दाखला म्हणजे ग्रामपंचायतीची हरकत नाही, एवढंच. रस्ता ग्रामपंचायतीचा नाही. कृपा करून त्यांना असं सांगू नका, सात दिवसांतले तीन गेलेत.

सोनचाफा:
पाटीच्या बाबतीत माझा अनुभव सांगते. आमच्या दुकानावरच्या पाटीसाठी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागात (पाट्या-फलकांना परवाना देणारा विभाग) जावं लागलं होतं. महापालिका अधिनियमात कलम २४४ आणि २४५ त्यासाठीच आहेत आणि २०२२ मध्ये त्याचे नवीन नियम पण आलेत. नूतनीकरण वेळेवर करा. आणि पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात हवी, ते विसरू नका.

माळरान:
ताई, दुकान नाहीये माझं. राष्ट्रीय महामार्ग आहे, एनएच ४८, तोच मुंबई-बंगळूर हायवे, सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात. गाव आहे, महापालिका नगरपालिका काही नाही. आणि फलक रस्त्यापासून चांगला लांब आहे.

भारवाहक:
लांब म्हणजे किती? नजरेने नको, टेप लावा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, फलकांच्या डिझाइनची कामं केलीत. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं रस्त्याकडेच्या जाहिरातींबद्दल आयआरसी ४६ म्हणून एक धोरण आहे, १९७२ चं, ऑफिसं अजून त्याच्यावरच बोट ठेवतात. डांबराच्या कडेपासून १० मीटरच्या आत फलक नको, चौक किंवा पुलापासून १०० मीटरच्या आत नको (शहरात ५० पर्यंत सूट), वाहतुकीच्या सरकारी बोर्डापासून ५० मीटरच्या आत नको. हे झालं फक्त ड्रायव्हरच्या नजरेचं. बांधकामाच्या रेषा वेगळ्या. उघड्या सपाट भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारतरेषा (तिच्या आत बांधकाम नको) आणि ७५ मीटरवर नियंत्रणरेषा (तिथपर्यंत बांधकामावर बंधनं) धरतात. मोजायचं रस्त्याच्या मध्यापासून, कडेपासून नाही, इथेच लोक फसतात.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. स्थिरता प्रमाणपत्र, म्हणजे सांगाडा भक्कम असल्याचा इंजिनिअरचा दाखला, आहे का? पाया किती खोल घेतलाय? माती तपासली होती का? साईज काय?

माळरान:
४० बाय २०. प्रमाणपत्र एजन्सीकडे असेल, मी बघितलेलं नाही. पाया खणताना मी तिथे नव्हतो.

भारवाहक:
मग ऐका. ४० बाय २० फूट म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर पत्रा. डिझाइनला धरायचा वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्याला सेकंदाला ३९ मीटर दिलाय, मुंबईला ४४. ३९ धरला तरी एका चौरस मीटरवर नऊशेच्या वर न्यूटन दाब येतो, म्हणजे अख्ख्या फलकावर जवळजवळ सात टनांचा आडवा रेटा, आणि हा रेटा वर, उंचावर लागतो त्यामुळे पायथ्याशी तो खांबाला उपटायला बघतो. वेग दीडपट झाला तर रेटा सव्वादोनपट होतो. वळवाच्या वादळात बायाबापड्या, मोटारसायकलवाले आडोसा म्हणून फलकाखालीच थांबतात. प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय एक रात्रसुद्धा तो तसा ठेवू नका.

दीपस्तंभ:
तुम्ही उगाच घाबरवताय त्यांना. घाटकोपरला होर्डिंग पडलं ते शहरातलं, बेकायदेशीर साईजचं होतं, शेतातल्या फलकाचा काय संबंध.

भारवाहक:
संबंध आहे. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पडला तो १२० बाय १२० फुटांचा होता, मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची, १७ माणसं गेली. पण त्याच्या आधी १७ एप्रिल २०२३ ला पुण्याजवळ किवळ्याला होर्डिंग पडून काय झालं ते आठवा. मुंबई-बंगळूर हायवेचा सर्व्हिस रोड, वादळ आलं, लोक आडोशाला थांबले, पाच जण गेले. तोही याच रस्त्यावर. माझा जीव तुटतो हो असलं वाचलं की, कारण वेल्डिंग आणि पाया नीट असता तर ती माणसं घरी गेली असती.

परदेशी_पाखरू:
अमेरिकेत १९६५ पासून केंद्राचा कायदाच आहे, मोठ्या हायवेच्या हद्दीपासून ६६० फुटांपर्यंतच्या फलकांवर नियंत्रण. व्हरमाँट, मेन, अलास्का आणि हवाई या चार राज्यांत तर रस्त्याकडेला मोठी होर्डिंग्ज नाहीतच. व्हरमाँटमधून गाडी चालवताना नुसते डोंगर आणि झाडं दिसतात. आपल्या घाटांत असं व्हावं असं फार वाटतं.

सोनचाफा:
खरंच व्हावं. सह्याद्री दिसायला हवा, फ्लॅटच्या जाहिराती नकोत.

घाटवळण:
मंडळी, माणूस अडचणीत आहे, डोंगरांसाठी वेगळा धागा काढू. माळरान, नोटिशीत कायदा आणि कलम कोणतं लिहिलंय ते शब्दशः टाका.

माळरान:
राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन आणि वाहतूक) कायदा २००२, कलम २६.

घाटवळण:
मग विषयच वेगळा आहे. कलम २६ हे महामार्गाच्या जमिनीवरचं अनधिकृत अतिक्रमण काढायचं कलम. नोटीस परवानगी नसल्यामुळे आलेली नाही, तुमचा खांब त्यांच्या जमिनीत आहे असं ते म्हणतायत. आणि महामार्गाच्या हद्दीत खाजगी जाहिरातीला परवानगी मिळणं जवळपास विसराच.

आता नीट आठवा. सहापदरीकरणाला तुमच्या गटातली जमीन गेली होती का? राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३डी खाली भूसंपादनाची अधिसूचना निघाली की त्या दिवसापासून जमीन सरकारची, सातबारावर नाव कुणाचंही असो. फेरफार व्हायला, कमी-जास्त पत्रक (गेलेलं क्षेत्र उताऱ्यातून वजा करायचं) व्हायला वर्षं लागतात. आमच्या चुलत्यांच्या बाबतीत हेच झालं, मोबदला घेऊन बरीच वर्षं झाली तरी उताऱ्यावर पूर्ण क्षेत्र. म्हणून सातबारा दाखवून स्टे मागायला गेलात तर अवॉर्डची, म्हणजे भूसंपादनाच्या निवाड्याची, प्रत समोर येईल. प्रांत ऑफिसच्या भूसंपादन शाखेत अवॉर्ड बघा, भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणीचा नकाशा काढा.

दीपस्तंभ:
हे मला माहीत नव्हतं. मेव्हण्याला आजच फोन करतो, त्याचाही उतारा तसाच असणार.

माळरान:
काकांना फोन केला. जमीन गेली होती. वडिलांनी मोबदला घेतला होता, पावती ट्रंकेत आहे म्हणाले. वडील असेपर्यंत मी नोकरीला बाहेर होतो, मला कुणी बोललंच नाही. दुपारी भावाला घेऊन टेप लावला, खांब रस्त्याच्या मध्यापासून २८ मीटरवर आहे आणि झुडपं बाजूला केली तर हद्दीचा दगड रस्त्यापासून खांबापेक्षाही लांब, आमच्या विहिरीच्या बाजूला निघाला.

भारवाहक:
म्हणजे खांब त्यांच्याच हद्दीत, आणि इमारतरेषेच्याही आत. आधी फ्लेक्स उतरवून घ्या, वाऱ्याचा रेटा लगेच कमी होईल. मग क्रेन लावून सांगाडा. कापणारे अनुभवी बघा, खालून कापायला देऊ नका.

घाटवळण:
आणि नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. अमुक तारखेपर्यंत स्वखर्चाने काढतो, क्रेनसाठी एवढे दिवस द्या, असं लिहा. एजन्सीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. करारात परवानगीची जबाबदारी कुणावर लिहिलीय?

माळरान:
करारात ‘जागेची मालकी निर्वेध असल्याची हमी जागामालकाची’ असं आहे, आत्ता वाचलं. परवानगीचं तोंडीच बोलणं झालं होतं. उत्तर उद्या सकाळी नेऊन देतो. फ्लेक्स उतरवायला दोन पोरं सांगितलीत, आभाळ भरलंय म्हणून आज संध्याकाळीच या म्हणालो. एजन्सीचा फोन उचलत नाहीत.