अळवाच्या पानासारखा पाणी झटकणारा स्प्रे आठवड्यात निकामी का होतो?

परसबाग: स्कूटरच्या कापडी सीट कव्हरवर ‘लोटस इफेक्ट’वाला, म्हणजे कमळाच्या पानासारखा पाणी झटकणारा, स्प्रे मारला. आठवडाभर थेंब टपाटप घरंगळत होते. आता बसायच्या जागी पाणी मुरतं, कडेला मात्र अजून थेंब उभे राहतात. अळवाचं पान अख्खा पावसाळा कोरडं, मग हे का नाही? परत मारायचा तर कसा?

पृष्ठताण: कडा शाबूत आहेत, यातच उत्तर आलं. घासलं की संपलं.

पानावर मायक्रॉनमध्ये मोजावेत असे उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे त्याहून कितीतरी बारीक कण. थेंब नुसता टोकांवर टेकतो, खाली हवा. गुळगुळीत मेणावर स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका मोठा, तितका थेंब गोल) ११० अंशांच्या आसपास अडतो. खडबडीतपणाची जोड मिळाली की तो १५०च्या वर जातो, पान जरा कललं की थेंब धूळ घेऊन सुटतो. जर्मनीतल्या बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानावर हे नीट मांडलं, १९९९ मध्ये त्याच तत्त्वावरचा भिंतीचा रंग जर्मनीत विकायला आला.

अळवाचं पान पाण्यात बुडवून तिरकं बघा, चांदीसारखं चमकतं. ती अडकलेली हवा. आता तिथेच अंगठ्याने जोरात घासा, पाणी चिकटायला लागेल. वाढतं पान नवं मेण स्रवतं, स्प्रेला ती सोय नाही.

लेपनकर: परत मारताना आधी कव्हर धुवा आणि साबणाचा अंशही राहू देऊ नका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण (थेंबाला गोल आवळून धरणारी ओढ) उतरतो, पाणी उंचवट्यांच्या फटीत शिरतं. तेल, घाम यांचंही तेच. पूर्ण वाळवा.

दोन डब्यांचा स्प्रे असेल तर आधी बेसचे दोन हात, अर्धा तास थांबून वरच्या थराचे तीन-चार पातळ हात. एकदम जाड मारलात तर पांढरी भुकटी सुटते. त्यानंतर साधारण १२ तास हात लावू नका (डब्यावर वेगळी वेळ असेल तर तीच पाळा). तरीही सीटला हा स्प्रे मुळात चुकीचाच. तिथे रेक्झिन बरं. बॅगेची वरची बाजू, कॅनव्हासचे बूट, जिथे घासाघीस कमी, तिथे तो टिकतो.

परसबाग: आणि हेल्मेटच्या काचेवर?

पृष्ठताण: अजिबात नको. ज्या खडबडीतपणाने पाणी पळतं त्यानेच उजेड विखुरतो, काच दुधाळ होते. शिवाय श्वासाची वाफ थेट फटींमध्येच जमते, खाली हवा उरतच नाही. वाफेसाठी उलट तत्त्वाचा, पाणी पसरवणारा अँटी-फॉग लेप लागतो, तोही आतल्या बाजूने.

लेपनकर: रेनकोटची गोष्ट वेगळी. नायलॉनच्या रेनकोटवरचा पाणीरोधक थर मलूल झाला असेल तर स्वच्छ धुऊन, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, बऱ्याचदा परत जागा होतो. लेबलवर इस्त्रीला मनाई नाही ना, ते आधी बघा. पीव्हीसीच्या रेनकोटवर हा प्रयोग केलात तर इस्त्रीही जाईल.