मदत हवी आहे : दीपकाडीच्या डीएनए अभ्यासात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना नेमके कोणते काम द्यावे?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या परिसरातील दोन सड्यांवर (जांभ्या कातळाच्या पठारांवर) दीपकाडी (दिपकाडी कोंकानेन्से) उगवते. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की कातळाच्या खळग्यांतील बोटभर मातीतून हिची पन्हळीसारखी पाने आणि पांढरी फुले वर येतात, आणि पावसाळा सरला की ती पुन्हा कंदरूपाने जमिनीखाली जाते. ही कोकणातील प्रदेशनिष्ठ वनस्पती असल्यामुळे, सुरुंग लावून कातळ फोडला जातो आणि तेथे हापूसची कलमे किंवा चिरेखाण येते, तेव्हा तिला जायला दुसरी जागा नसते.

आमच्या एका सड्याच्या कडेपर्यंत चिरेखाण पोहोचली आहे. तेथील कंद उपटून खाडीपलीकडच्या सड्यावर लावावेत, असे गावातील काही मंडळी सद्हेतूने सुचवतात. परंतु दोन्हीकडची झाडे जनुकीयदृष्ट्या एकाच समूहातील आहेत, की खाडीमुळे कित्येक पिढ्या एकमेकांपासून तुटलेली आहेत, हे कळल्याशिवाय ती एकत्र लावायला माझे मन धजत नाही. प्रश्न एवढाच आहे आणि तो तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांनी सोडवावा अशी माझी इच्छा आहे. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाच्या आवारातील ओकच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर) विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम केले, हे वाचल्यापासून ही कल्पना डोक्यात आहे. अर्थात, त्यांच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नाही; आमच्याकडे एक सेंट्रिफ्यूज, डीएनए तपासायची एक जेलची पेटी आणि जूनमध्ये हमखास जाणारी वीज आहे.

गेल्या वर्षीचा अनुभव सांगते. विद्यार्थ्यांनी भर पावसात पाने गोळा केली आणि सिलिका जेल घातलेल्या पिशव्यांत ठेवली. पाने मांसल आणि हवा दमट असल्याने निळे खडे दुसऱ्या दिवशी सकाळीच गुलाबी पडले होते आणि चौथ्या दिवशी पाने तपकिरी, चिकट होऊन पिशवीला लागली. तरीही आम्ही ती एका खाजगी प्रयोगशाळेकडे पाठवली. तीन आठवड्यांनी ‘डीएनए अपुरा, प्रत निकृष्ट’ असे एका ओळीचे उत्तर आले. शुल्क गेले ते गेलेच. परंतु एका विद्यार्थिनीने ‘मॅडम, नेमके कोणत्या पायरीवर बिघडले?’ असे विचारले तेव्हा मला सांगता आले नाही, कारण आम्ही मध्ये काहीच मोजले नव्हते. मुले पाने तोडणारी आणि पाकिटे चिकटवणारी हमाल ठरली, याची खंत अधिक आहे.

म्हणून विचारते. पावसाळ्यात अशी पाने कशी टिकवावीत? एका सड्यावरून किती झाडांचे नमुने घ्यावेत? एका विद्यार्थ्याचा हट्ट आहे की पूर्ण जीनोमच वाचावा. त्याला काय सांगावे? आणि परवानगीसाठी कोणाकडे जावे? एका सड्याच्या सातबाऱ्यावर ४० हून अधिक नावे आहेत, आणि त्यांतील बहुतेक मंडळी गणपतीलाच गावी येतात. म्हणजे फुले संपल्यावर.

प्रतिसाद १

नमस्कार मॅडम. बिघाड बहुधा पहिल्याच दिवशी झाला. पान आधी टिपकागदाने कोरडे करून, उभे चिरून, पातळ कागदी पाकिटात घालावे आणि पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेल घ्यावे; खडे गुलाबी झाले की त्याच दिवशी बदलावेत. त्याहून सोपे म्हणजे मीठ आणि सीटॅब (डीएनए काढताना वापरतात ते रसायन) यांच्या संपृक्त द्रावणात पानाचे तुकडे बुडवून ठेवणे. मांसल पानांसाठी ही पद्धत चांगली आहे. डीएनए काढण्यापूर्वी पानाची पूड सॉर्बिटॉलच्या द्रावणाने दोन-तीनदा धुतली तर चिकट शर्करा पुष्कळ कमी होतात. मग डीएनएच्या द्रावणाचा शोषणांक (ते किती प्रकाश शोषते) मुलांनाच मोजू द्या. २६० आणि २३० नॅनोमीटरवरील शोषणांकांचे (२६०/२३०) गुणोत्तर २ च्या आसपास असायला हवे. ते एकच्या खाली गेले तर शर्करा किंवा रसायने उरली आहेत असे समजावे. जवळच्या एखाद्या विभागात शोषणांक मोजण्याचे यंत्र तासाभरासाठी मिळू शकते.

हट्टी विद्यार्थ्याला कांदा दाखवा. दीपकाडी कांद्याच्या दूरच्या नात्यातली आहे आणि कांद्याचा जीनोम सुमारे १६ अब्ज बेसजोड्यांचा (डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्यांचा), म्हणजे भाताच्या कित्येक पट आहे. हरितलवकाचा जीनोम दीड लाख बेसजोड्यांच्या आसपास असतो आणि तो आवाक्यात आहे. परंतु बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो मातेकडूनच येतो, म्हणून परागकण खाडी ओलांडतात का, हे त्यावरून कळणार नाही. तुमच्या प्रश्नासाठी केंद्रकातील, म्हणजे माता-पिता दोघांकडून येणाऱ्या डीएनएतील खुणा हव्यात. जीनोमचे ठरावीक तुकडेच वाचणाऱ्या डीडीरॅड पद्धतीला आधी वाचलेला जीनोम लागत नाही. डीएनएचे वाचन बाहेरून करून घ्या, पण आलेल्या माहितीची छाननी मुलांकडेच ठेवा. अशा तुकड्यांची माहिती तपासणारी स्टॅक्स ही संगणक प्रणाली गॅलक्सी या मोफत संकेतस्थळावर ब्राउझरमधून चालते. महागडा संगणक लागत नाही. कोणत्या नमुन्यात किती माहिती गहाळ आहे आणि तो ठेवायचा की वगळायचा, हा निर्णय सहा जणांनी वाद घालून घ्यावा. खरे शिक्षण तिथे होते.

प्रत्येक सड्यावरून २० ते २५ झाडे पुरतील, मात्र ती एकमेकांपासून काही मीटर दूर असावीत, नाहीतर एकाच कंदाची पिल्ले दोनदा मोजली जातील. पानाचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा घ्यावा; कंदाला हात लावू नये. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवून सातबाऱ्यावरील गावात राहणाऱ्या खातेदारांची संमती आताच घ्या. नमुने परदेशात पाठवायचे झाल्यास चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागेल, म्हणून वाचन देशातच करावे.

आणि निकाल ‘दोन वेगळे समूह’ असा आला तरी स्थलांतर बाद होत नाही. कंद मिसळून लावायचे की दुसऱ्या सड्यावर वेगळ्या कोपऱ्यात, एवढेच त्यावरून ठरेल.

धागाकर्ती

आपले मनापासून आभार. वेगळ्या कोपऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. कांदा उद्याच वर्गात नेते. मृग आठ दिवसांवर आला आहे, म्हणून एक शेवटची शंका : आमच्याकडे फ्रीज भरवशाचा नाही, मीठ-सीटॅबच्या द्रावणातील पाने खोलीच्या तापमानाला किती दिवस राहतील, आणि त्यासाठी साध्या प्लॅस्टिकच्या डब्या चालतील का?