लॅपटॉपची साथ आणि ताईंचा खोकला

काळीपाच:
रविवारी सदाशिव पेठेत एका घरगुती बैठकीला गेलो होतो. पेटीवाले ऐनवेळी आजारी, म्हणून ताईंच्या भाच्याने लॅपटॉप लावला. त्याचं सॉफ्टवेअर माइकमधून ताईंचं गाणं रेकॉर्ड करतं, बारीक तुकडे पाडतं, कुठला तुकडा कुठल्यासारखा ते जोडून ठेवतं आणि मग सारख्या जागांवरून उड्या मारत तिथल्या तिथे साथ तयार करतं. पॅरिसच्या इर्कॅम या संगीत-संशोधन संस्थेतलं ओमॅक्स हे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. यमन, विलंबित एकताल, ताईंचाच आवाज मागून हळूच यायला लागला आणि पहिली 15 मिनिटं खरंच कान टवकारले आमचे. मग ताई खोकल्या. तालाच्या दोन आवर्तनांनी, ऐन समेच्या (पहिल्या मात्रेच्या) तोंडावर, स्पीकरमधून तोच खोकला, आणि लयीत! तबलजी हसून ठेकाच सोडून बसला. माझ्या मते हे खेळणं आहे, साथ नाही.

कोडकुशल:
ज्या तुकड्यात सूर सापडत नाही तो उचलू नकोस एवढं सांगितलं की खोकला गायब. एका खोकल्यावरून अख्खी कल्पना मोडीत? आणि हे आजचं फॅड नाही, 1984 मध्येच डॅननबर्ग आणि व्हर्को या दोन संशोधकांनी आपापले प्रोग्रॅम दाखवले होते, वादक पुढेमागे झाला तरी त्याच्याबरोबर जाणारे. तुम्ही रोज ज्या तबला ॲपवर रियाज करता ते तर तुमचं ऐकतसुद्धा नाही.

पेटी_आणि_मी:
अहो त्या 84 च्या प्रोग्रॅमकडे सगळं आधीच लिहिलेलं असायचं, वादक कुठे पोचलाय एवढंच शोधायचं. ख्याल तर गाता गाताच सुचत जातो, त्यात काय शोधणार? मी 12 वर्षं साथ करतेय. गायिका ग वरून प वर मींड घेते, म्हणजे सूर न तोडता घसरत जाते, तेव्हा मी बोटं उचलते, भाता हलका करते, प ठरला की मग हळूच टेकवते. मींडेत कापायला जागाच नसते, मशीन मग मधेच कुठेतरी कात्री लावतं. गाणारी जरा थांबली की लगेच भरायला धावणार ते वेगळंच. गुरुजींनी मला पहिलं वर्षभर कुठे वाजवायचं नाही तेच शिकवलं.

बाणेरची_बाई:
पेटीबद्दल एवढं प्रेम उतू जातंय म्हणून आठवण करून देते, याच पेटीला आकाशवाणीवर 1940 ते 1971 बंदी होती आणि एक मोठा आक्षेप हाच की मींड येत नाही 😄 आता पेटीवाले तेच लॅपटॉपला ऐकवतायत. मी नोकरी सांभाळून गाते, पहाटे साडेपाचला बाणेरला कोण येतंय साथीला?

पेटी_आणि_मी:
पेटीत मींड नाही म्हणूनच तर बोटं उचलते म्हटलं ना! रियाजाला खुशाल घ्या, भांडण बैठकीचं आहे.

काळीपाच:
मुद्दा भलतीकडेच चाललाय. ते वाजवत होतं काय, तर ताईंनीच मघाशी गायलेलं. चांगला पेटीवाला एखादी जागा अशी दाखवतो की गाणाऱ्याला पुढचं सुचतं, इथे ताई स्वतःलाच दाद देत बसल्या होत्या.

कोडकुशल:
मग जुन्या पेटीवादकांची रेकॉर्डिंग भरू त्यात.

पेटी_आणि_मी:
त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारलंत? की असंच?

कोडकुशल:
नाही विचारलं. बरं, तो भाचा मीच. खोकल्याचं काम झालंय, मींडेचं अजून जमत नाहीये. पेटीताई, तुम्ही या ना पुढच्या रविवारी, दोन तास तुमची पेटी रेकॉर्ड करतो.

पेटी_आणि_मी:
येते. मानधन किती?