मदत हवी आहे: ६० घरांचं सांडपाणी वसाहतीतच शुद्ध करायचंय, ५ गुंठे पुरतील का?

म्हसरूळकर

नमस्कार मंडळी. नाशिकला म्हसरूळच्या पुढे आमची ६० घरांची वसाहत आहे, माणसं साधारण २७०. मनपाची ड्रेनेज लाइन अजून आमच्यापर्यंत आलेली नाही. घरटी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. पण वर काळी माती आणि खाली बेसाल्टचा कातळ, त्यामुळे पावसाळ्यात शोषखड्डे पाणी ओढतच नाहीत. सगळं उघड्या गटारीत येतं, तिथून ओहोळाने वाघाडीत आणि पुढे पंचवटीत गोदावरीला. ज्या नदीवर सिंहस्थ भरतो तिच्यात आपण हे सोडतोय, याचं फार वाईट वाटतं. शिवाय वसाहतीत बोअर आहेत, त्यांची काळजी वेगळीच.

लाइनची वाट बघत बसायचं नाही, असं सभेत ठरलंय. दोन प्रस्ताव आलेत. एक एमबीबीआरचा, म्हणजे टाकीत हवा फुंकून, प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर वाढणाऱ्या जिवाणूंकडून पाणी शुद्ध करायचा. त्याला जागा कमी लागते, पण ब्लोअर दिवसरात्र चालवावा लागतो आणि चालवणारा माणूस ठेवावा लागतो. आमच्याकडे वीज गेली की कधी कधी तासन्‌तास येत नाही. दुसरा डीवॅट्स पद्धतीचा: बॅफलच्या (आडभिंतींच्या) कप्प्यांची बंद टाकी आणि मग कर्दळ लावलेला खडीचा वाफा. मला दुसरा मनापासून पटतो, पण अडतंय जागेवर.

माणशी १३५ लिटर धरून त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे रोजचे सुमारे २९ घनमीटर. खडीच्या वाफ्याला रोजच्या दर घनमीटरमागे ३० चौ.मी. असा आकडा वाचला. म्हणजे ८७० चौ.मी. झाले, आणि ओहोळाकडची मोकळी जागा ५ गुंठे, जेमतेम ५०० चौ.मी. नाद सोडावा का?

खडीवाळू

सोडू नका. ३०चा आकडा आडव्या प्रवाहाच्या वाफ्याचा आहे. उभ्या प्रवाहाचा, म्हणजे वरून पाणी पसरून खाली झिरपवायचा वाफा केलात, तर आपल्या उष्ण हवेत आणि आधी नीट गाळलेल्या पाण्याला माणशी दीड चौ.मी.च्या आसपास पुरतं. तुमचं गणित ४०५वर येतं. मात्र त्याला पाणी सतत नाही, थांबून थांबून द्यावं लागतं, म्हणजे मधल्या वेळात खडीत हवा शिरते. उतार असेल तर हे काम सायफनवर, विजेशिवाय होतं. उतार नसेल तर छोटा पंप दिवसातून काही वेळ लागेल.

घरोघरचे सेप्टिक टँक मोडू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. मैला तिथेच बसू द्या आणि फक्त वरचं पाणी पाइपने खाली न्या. गाळ नसल्यामुळे पाइप बारीक चालतो, उतारही कमी लागतो, खोदाईचा खर्च वाचतो. अट एकच: टँक दोन-तीन वर्षांनी उपसलेच पाहिजेत. एकाने टाळलं तर त्याचा गाळ सगळ्यांच्या वाफ्यात येतो. सोसायटीनेच गाडी बोलवावी, घरमालकावर सोडू नये.

स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारा चेंबर हवाच. गच्चीचं पाणी चुकूनही या लाइनला जोडू देऊ नका, एका पावसात टाकीतले घाण कुजवणारे जिवाणू वाहून जातात. बोअर आहेत म्हणता, तर वाफ्याचा तळ पक्का करा, पाणी झिरपता कामा नये. बॅफल टाकीत सुरुवातीला जुन्या टँकमधला थोडा गाळ टाका, तरी ती पूर्ण कामाला लागायला काही महिने जातात. तेवढ्यात कुणी ‘फसलं’ म्हणालं तर ऐकू नका.

बाहेर पडणारं पाणी झाडांना द्या, जमिनीखालच्या ठिबकने. कच्च्या खायच्या भाज्यांना नको, खडी सगळे जंतू मारत नाही.

म्हसरूळकर

फार आभार. सेप्टिक टँक ठेवायचे, हे कोणत्याच प्रस्तावात नव्हतं. जागा वसाहतीच्या सखल टोकाला आहे, त्यामुळे सायफनला उतार मिळेल असं वाटतं, मोजून सांगतो. दोन गोष्टी अजून हव्यात. ही जागा लेआउटमधली ओपन स्पेस आहे, तिथे असं बांधकाम करायला मनपाकडे नेमका कोणता अर्ज करायचा? आणि नाशिकच्या आसपास असा वाफा चालू स्थितीत कुठे बघायला मिळेल? ज्येष्ठ मंडळींना वासाची आणि डासांची धास्ती आहे. त्यांना तिथे नेऊन उभं करायचंय, पुढच्या सभेच्या आत.