चारही कासवांना लाल पट्टी, केक चुकला का?

भाच्याची_मावशी: काल भाच्याचा सहावा वाढदिवस झाला, त्याला निन्जा टर्टल्सचा, म्हणजे कार्टूनमधल्या त्या चार लढवय्या कासवांचा, केक हवा होता. सोसायटीतल्याच एका काकूंना ऑर्डर दिली, त्यांनी नेटवरचा फोटो बघून मस्त केला पण चौघांच्याही डोळ्यांवर लाल पट्टी! पोराने भोकाड पसरलं, म्हणे लिओ कुठेय, मायकी कुठेय, हे चारपण लाल पट्टीवाले राफच आहेत. काकू म्हणतात फोटोत असंच होतं, आणि मोबाइलवर दाखवलं पण. मग खरं काय? एवढ्याशा पट्टीने काय बिघडतं, तोंडं तर सगळ्यांची सेमच ना?

जुनी_रद्दी: काकू बरोबर आहेत 😄 १९८४ ला ईस्टमन आणि लेअर्डने कॉमिक काढलं तेव्हा चौघांना लालच पट्टी होती. आतली पानं ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे कोण कुठला ते हत्यारावरून ओळखायचं, दोन तलवारी म्हणजे लिओनार्डो, लांब काठी म्हणजे डोनाटेलो. लिओला निळा, डोनाटेलोला जांभळा, राफला लाल, मायकीला केशरी हे रंग आले ते १९८७ च्या कार्टूनमध्ये, आणि कमरेच्या बकलवर नावाचं पहिलं अक्षर. पुढच्या वर्षी प्लेमेट्सची खेळणी दुकानात हजर. चार हिरवी कासवं सारखीच दिसली असती तर आईबाप एक घेऊन गप घरी आले असते. रंग वेगळे म्हटल्यावर पोरगं म्हणणार, जांभळावाला राहिला ना!

शाई_आणि_स्क्रीन: मी टी-शर्ट प्रिंटिंगमध्ये आहे. लायसन्सचं काम आलं की सोबत स्टाइल गाइड येते, प्रत्येक रंगाचा पँटोन नंबर (नेमकी छटा सांगणारा कोड), कुठल्या पोझ चालतील, दोघं शेजारी उभे केले तर कोण किती उंच, सगळं त्यात. आमचा एकदा केशरी जरासा पिवळट आला तर अख्खं सॅम्पल परत, रात्रभर बसून नवीन स्क्रीन केली. खोडरबरावर नखाएवढं छापलं तरी ओळखू यायला पाहिजे, म्हणून असे ठसठशीत रंग.

जुनी_रद्दी: अजून एक, ब्रिटनमध्ये नावातलं निन्जा काढून हीरो केलं होतं आणि मायकेलअँजेलोच्या, म्हणजे मायकीच्या, नानचाकूवर (साखळीने जोडलेल्या दोन काठ्या) कात्री चालवली. हत्यार गेलं तरी केशरी पट्टी होती, पोरांचं काही अडलं नाही.

साडीपिन: आपल्याकडे जान्हवीचं मंगळसूत्र आठवतंय का, होणार सून मी ह्या घरची मधलं ते लांबलचक? सोनाराकडे नुसतं जान्हवीचं दाखवा म्हटलं की झालं. स्टाइल गाइड वगैरे काही नाही, बायकांनी टीव्हीत बघून घडवून घेतलं. माझं पण आहे, पोळ्या लाटताना कणकेत बुडायचं म्हणून आता कपाटात.

भाच्याची_मावशी: काकूंना वाचून दाखवलं, जाम खूश झाल्या. उरलेल्या केकवर एका कासवाला जांभळ्या क्रीमची पट्टी काढून दिली. भाचा म्हणतो, याची काठी कुठेय?